चारमिनारवर नांदूरघाटचे देशमुख

राजधानी पाहिल्यावाचून माणसाचा जन्म पुरा होत नाही. आपण कोणाची प्रजा, कोणाच्या मोहरेखाली जगतो, कोणाच्या नावाचा रुपया कनवटीला लावतो, हे उमगण्यासाठी प्रत्येकाने एकदा तरी हैदराबादेचे दर्शन घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. हे मत मी केजच्या कचेरीच्या ओट्यावर बसून अठरा वर्षे येईल त्याला ऐकवले आणि त्या अठरा वर्षांत स्वतः धारूरच्या पुढे गेलो नाही. शेवटी गेलो तोही जन्म पुरा करायला नव्हे. नांदूरघाटच्या देशमुखांना उर्दू लिहिता येत नव्हते, म्हणून गेलो.

मी केजला वकिली करतो. अर्ज, कैफियती, वारसांची आणि बांधांची भांडणे हा माझा धंदा. आबासाहेब देशमुख माझे जुने पक्षकार. उंचेपुरे, पांढऱ्या मिशा कानापर्यंत वळवलेल्या, आणि डोक्याला असा फेटा की वाऱ्याच्या दिवशी त्यांना एकट्याने माळावर जाऊ देऊ नये. त्यांचे साडू दिंद्रुडचे रंगनाथराव पाटील. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी आणि बहिणींचे एकमेकींवाचून पान हलत नाही. साडूंचेही हलत नाही, पण वेगळ्या कारणाने. एकाने विहीर बांधली की दुसरा दोन मोटांची बांधणार. एकाने घोडी घेतली की दुसरा तिच्याहून हातभर उंच घोडी शोधत महिनाभर बाजार हिंडणार. हे पंचवीस वर्षे बरोबरीत चालले होते, तोच रंगनाथराव एकटेच हैदराबादेला जाऊन आले.

त्याच उन्हाळ्यात दिंद्रुडला एक लग्न होते. पंगतीत रंगनाथराव हैदराबाद सांगू लागले. रस्ते असे, बग्ग्या अशा, लोक असे. जेवणारे हात थांबवून ऐकत होते. शेवटी चारमिनार आला.

"त्यो मातर खालूनच बगायचा आसतो," रंगनाथराव म्हणाले. "वर कुनालाच सोडीत न्हाईत."

आबासाहेब बुंदी खात होते. "तुमाला न्हाई सोडलं आसंल," ते म्हणाले.

"कुनालाच न्हाई, देशमुख."

"मला सोडतील."

"आन न्हाई सोडलं तर?"

"तर नांदूरघाटला परत येनार न्हाई. तितंच त्या मिनाराखाली पान-तंबाकूचं दुकान टाकीन."

पंगतीत एकही माणूस हसला नाही, कारण आबासाहेब विनोद करत नाहीत हे दोन्ही गावांना ठाऊक आहे. पडद्यामागून देशमुखीणबाईंनी ऐकले, त्यांच्या बहिणीने ऐकले, वाढप्यांनी ऐकले. चार दिवसांत ते केजच्या बाजारात पोचले आणि बाजारातून माझ्या ओट्यावर.

निघणे

दिवाळीनंतर निघालो. निघताना देशमुखीणबाईंनी आबासाहेबांना ओवाळले, आणि मग मला जोत्याच्या कडेला बोलावून हळूच म्हणाल्या, "वकीलसाहेब, न्हाई जमलं तर न्हाई. आमी काय बी सांगून निभावू. पर ह्यांला घिऊन या. ते दुकान खरंच टाकतील. लई हट्टी हाईत." मी वकील म्हणून अनेक जोखमी घेतल्या आहेत, पण एखाद्या देशमुखाला पानवाला होण्यापासून वाचवण्याची ही पहिलीच.

आमच्याबरोबर तिसरे होते केजचे मन्मथअप्पा. त्यांचे किराण्याचे दुकान आहे आणि बेगमबाजारातून माल आणायला त्यांना तसेही जायचे होते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात बाराबंदी, तोंडात सुपारी. अप्पा बोलत नाहीत. गिऱ्हाईक बोलते, अप्पा ऐकतात, आणि शेवटी गिऱ्हाईक अप्पांना हवे ते घेऊन जाते.

प्रवासाचे हाल सांगत नाही. दोन दिवस बैलगाडी, गोदावरीत नाव, मग मानवत रोडवरून आगगाडी, एवढे पुरे. सांगण्यासारखी गोष्ट एकच. आबासाहेबांनी हैदराबादेतल्या अधिकाऱ्याला भेट म्हणून धारूरच्या घाटातली सीताफळे पाटीभर घेतली होती. निघताना ती दगडासारखी होती. परभणीला नरम झाली. नांदेडला त्यांचा वास डब्यात इतका भरला की शेजारचे एक मौलवी सारखे पाटीकडे पाहून "सुबहानअल्ला" म्हणू लागले. आबासाहेबांनी त्यांना एक दिले, मग त्यांच्या मुलांना दिले, मग सगळ्या डब्यालाच दिले, आणि निझामाबाद येईतो आमच्या बाकाखाली बियांचा सडा पडला होता. ज्या अधिकाऱ्यासाठी भेट होती त्याच्यासाठी अकरा फळे उरली. त्यांतली चार मी पुढे स्वतः खाल्ली.

अफजलगंज

अप्पांच्या आडत्याच्या वखारीत, मिरच्यांच्या पोत्यांमागे, आमचे बिऱ्हाड होते. पहिले दोन दिवस आम्ही तिघेही शिंकत होतो आणि आडत्या समजत होता की आम्ही रडतो आहोत. तो सारखा म्हणे, "घर याद आरा क्या जी?"

सकाळी अफजलगंजाच्या पुलावरून जुन्या शहरात निघालो. मुसा नदी पुलाखाली अशी गुपचूप वाहत होती की हिने कधीकाळी अर्धे शहर ओढून नेले यावर विश्वास बसेना. आबासाहेबांनी पुलावर थांबून तिच्याकडे पाहिले. "आमची मांजरा बी आशीच हाय," ते म्हणाले. "उन्हाळ्यात गरीब."

पुलापलीकडे पहिली फजिती झाली, आणि ती समजण्यासाठी आमच्याकडची रीत सांगितली पाहिजे. केज तालुक्यात सरकार म्हणजे पितळी बिल्ला. तहसीलदार आत बसतो, तो वर्षाकाठी कुणाला दिसला तर दिसला. दारात उभा राहतो तो चपराशी. त्याच्या छातीवर बिल्ला असतो, आणि अर्ज आत जायचा की पावसात भिजायचा हे तो ठरवतो. म्हणून आमच्याकडे शहाणा माणूस बिल्ला पाहिला की उभा राहतो, हात कपाळाला लावतो आणि घरच्यांची खुशाली विचारतो. ही सवय हाडात मुरलेली असते. मी कायदा शिकलो तरी माझ्याही मुरलेली आहे.

हैदराबादेत बिल्ल्यांचे पीक आहे. समोरून एक बग्गी आली. मागे सोनेरी पगडी, तांबडा पट्टा आणि मुठीएवढा बिल्ला लावलेला एक भारदस्त पुरुष उभा. आबासाहेब रस्त्याच्या मधोमध थांबले आणि त्यांनी तीन वेळा वाकून मुजरा केला. बग्गीही थांबली. आतून एक किरकोळ वृद्ध गृहस्थ डोकावले, त्यांनी अदबीने सलाम परतवला, आणि बग्गी पुढे गेली.

"आत कोन हुतं?" आबासाहेबांनी विचारले.

"मालक," मी म्हणालो. "तुम्ही मुजरा केलात तो बग्गीमागे उभा राहणारा नोकर."

आबासाहेबांनी थोडा विचार केला. "मालक लई साधा दिसला," ते म्हणाले. "मागचा कामाचा मानूस हाय."

त्या दिवसात त्यांनी एका हवेलीचा दरबान, एका बँडवाल्यांचा म्होरक्या आणि अत्तरवाल्याच्या दुकानातला पोरगेलासा गुमास्ता यांना सरकार समजून मुजरे केले. गंमत अशी की कोणी हसले नाही. हैदराबादेत सलाम परत न करणे हा एवढा मोठा गुन्हा आहे की त्या सगळ्यांनी अधिक वाकून परत केले. आम्ही संध्याकाळी वखारीत आलो तेव्हा निम्मे शहर देशमुखांना ओळखत होते आणि ते कोण हे कोणालाच ठाऊक नव्हते.

अदबीबद्दल एकच सांगतो. लाडबाजारात, जिथे लाखेच्या बांगड्यांची दुकाने डोळे दिपवतात, दोन नवाबी गृहस्थ एका अरुंद दारात समोरासमोर आले. "पहले आप," एक म्हणाला. "नहीं हुजूर, पहले आप." आम्ही समोर देशमुखीणबाईंसाठी बांगड्या निवडल्या, माप जुळवले, बांधून घेतल्या आणि निघालो, तेव्हाही ते दारातच होते. आमच्याकडे अशा वेळी जो धिप्पाड तो आधी जातो. काम लवकर होते, पण पाहायला काही मिळत नाही.

खाण्याचे मात्र हाल. भात, भात आणि भात, वर चिंचेची आंबट डाळ. आबासाहेबांच्या मते भात हे आजाऱ्याचे अन्न. तिसऱ्या दिवशी त्यांनी वखारीच्या अंगणात स्वतः चूल मांडली, बेगमबाजारातून ज्वारीचे पीठ शोधून आणले आणि आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली. तिचा आकार बीड जिल्ह्याच्या नकाशासारखा आला. तिघांनी खाल्ली. आडत्याने एक तुकडा मागून घेतला, चावला आणि म्हणाला, "घर याद आना सहीच है."

गोवळकोंडा

गोवळकोंड्याचा किल्ला पाहिला नाही तर हैदराबाद पाहिले नाही, असे सगळे म्हणतात, म्हणून गेलो. तिथे दाराच्या घुमटाखाली टाळी वाजवली की ती वर डोंगराच्या माथ्यावर ऐकू येते. शत्रू आला की पहारेकरी टाळी वाजवी. वाटाड्या हे फार गंभीरपणे सांगतो. शत्रूने स्वतःच टाळी वाजवली तर काय होई, असे मी विचारले. त्याने मला पुढे एकही गोष्ट सांगितली नाही.

अप्पांना वर पाठवले, आम्ही खाली. वाटाड्याने टाळी वाजवली. वरून अप्पांनी हात हलवला. आबासाहेबांना हे पटेना. "हात तर त्यो कवाबी हालवंल," ते म्हणाले, आणि शिवारात गड्याला हाक मारतात तसे, छातीतून, ओरडले, "अप्पा, सुपारी हाय का?"

किल्ल्याने ती हाक उचलली, घुमटाघुमटातून वर नेली, आणि वाटेतल्या सगळ्या पारव्यांना उडवले. थोड्या वेळाने वरून, अगदी शेजारी बसल्यासारखा, अप्पांचा शांत आवाज आला, "हाय."

एवढा चढ चढून आम्ही माथ्यावर बसलो तेव्हा मला एक कल्पना सुचली. दूर, शहराच्या धुरात, चारमिनार काडेपेटीएवढा दिसत होता. मी म्हणालो, "आबासाहेब, आपण त्याच्याहून वर आलो आहोत. प्रतिज्ञेचा अर्थ लावताना..."

"वकील," ते म्हणाले, "मी चारमिनारवर चढनार आसं म्हनालो. चारमिनारापरीस उंच चढनार आसं न्हाई म्हनालो."

अठरा वर्षांत माझ्या पक्षकाराने माझा मुद्दा खोडला, असे प्रथमच झाले.

एक दफ्तर

चारमिनारच्या एका मनोऱ्यात जिना आहे, जिन्याला दार आहे, दारापाशी कमरेला जंबिया लावलेला एक म्हातारा अरब पहारेकरी आहे. आम्ही पहिल्याच दिवशी त्याला भेटलो होतो. तो प्रेमाने म्हणाला, "परवाना लाओ." परवाना कुठे मिळतो ते त्याला ठाऊक नव्हते, कारण आजवर त्याच्याकडे परवाना घेऊन कोणी आलेच नव्हते.

शोध घेत आम्ही एका दफ्तरात पोचलो. नाव सांगत नाही, मला अजून वकिली करायची आहे. मी असा अर्ज लिहिला होता की माझ्या हयातीत असा दुसरा लिहिला नसेल. पहिल्या पानावर फक्त आदर होता, दुसऱ्यावर विनंती.

दालनाबाहेर एक पुरुष उभा होता. तांबडा पट्टा, रुपेरी काठी, आणि छातीवर थाळीएवढा बिल्ला. आबासाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी मुजरा केला, घरची खुशाली विचारली आणि उरलेल्या सीताफळांची पाटी त्याच्या पायाशी ठेवली. तेवढ्यात पडवीतून विटक्या शेरवानीतले एक सडपातळ गृहस्थ हातात कागद घेऊन आले आणि नम्रपणे म्हणाले, "तशरीफ लाइए."

आबासाहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिले. बिल्ला नाही, पट्टा नाही. त्यांनी आपली छत्री त्यांच्या हातात दिली. "जरा पकडो मियाँ," ते म्हणाले, "साहेब से मिल के आते."

गृहस्थांनी छत्री धरली. आमच्यामागे आत आले. छत्री कोपऱ्यात जपून टेकवली, आणि मोठ्या मेजामागच्या एकुलत्या एका खुर्चीवर जाऊन बसले.

मी अर्ज दोन्ही हातांनी पुढे केला. हैदराबादची अदब पाहा. त्यांनी छत्रीबद्दल चकार शब्द काढला नाही. अर्ज अथपासून इतिपर्यंत वाचला. माझ्या अक्षराची तारीफ केली, दोन शब्द सुधारून दिले. मग म्हणाले की बाब नाजूक आहे, विचार करावा लागेल, ईद झाल्यावर जरूर यावे. ईदला तेव्हा आठ महिने होते. निघताना त्यांनी स्वतः उठून छत्री आबासाहेबांच्या हातात दिली.

बाहेर बिल्लेवाला सीताफळ खात होता.

त्यानंतरचे दोन दिवस वाईट गेले. आम्ही हुसेनसागर पाहिला, बागेआममधला वाघ पाहिला, पण आबासाहेबांचे लक्ष नव्हते. वाघही आमच्याकडे पाहत नव्हता. तिसऱ्या दिवशी मला दिसले की ते चारमिनाराभोवतीच्या पानवाल्यांच्या दुकानांसमोर थांबत आहेत. एका दुकानात त्यांनी कात कुठून येतो ते विचारले. दुसऱ्यात पाने ओली कशी ठेवतात ते पाहिले. एका रिकाम्या ओट्याची लांबी त्यांनी पावलांनी मोजली.

"आबासाहेब," मी म्हणालो, "घरी बाई वाट पाहतात."

"ठाव हाय," ते म्हणाले. "तिला सांगा, थोरल्याला धाडून द्या. दुकान येकट्याला उरकनार न्हाई."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मिरच्यांचे असावे, पण आम्ही त्या वेळी वखारीपासून बऱ्याच लांब होतो.

चारमिनार

येथवर लिहिलेले मी आबासाहेबांना वाचून दाखवले आहे. यापुढचे दाखवलेले नाही.

त्या संध्याकाळी अप्पांनी तोंडातली सुपारी बाजूला सारली. "वकीलसाहेब," ते म्हणाले, "तुमी इतके दिस दाराशी बोलताव. दाराला काय ठाव आसतंय? दारातून बिगर इचारता आत कोन जातंय, ते बगा."

"तुम्ही पाहिले?"

"बगतोय की. तीन दिसांपासून."

आम्ही राजवाडे पाहत हिंडत होतो, तेव्हा अप्पा माल घेण्याच्या निमित्ताने चारमिनारासमोरच्या एका किराणा दुकानाच्या फळीवर बसून होते. त्यांनी पाहिले ते असे. अरब पहारेकरी सर्वांना अडवतो, खुद्द एका मनसबदाराच्या पाहुण्यालाही त्याने अडवले. पण एक काळा, खुरट्या दाढीचा माणूस रोज दुपारी येतो, अरब स्वतः उठून दार उघडतो आणि तो वर जातो. तो फराश होता. शहरात कसलीशी खुशीची रोशनी व्हायची होती, आणि वरच्या सगळ्या पणत्यांत तेल-वाती घालणे त्याच्याकडे होते.

"बिल्ला?" आबासाहेबांनी विचारले.

"हाय," अप्पा म्हणाले. "न्हानका हाय. रुपयाएवढा."

आबासाहेब ताठ बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फराशाला गाठले. तो चारमिनाराच्या सावलीत एका तेलाच्या डब्यावर बसून कुणाला तरी शिव्या देत होता. आबासाहेबांनी मुजरा केला. माझ्या आठवणीत, त्या शहरात त्यांनी केलेला हा पहिला मुजरा जो योग्य माणसाला गेला. फराश चकित होऊन उठला. अप्पांनी सुपारी पुढे केली. खुशाली झाली. मग त्याने गाऱ्हाणे सांगितले.

"मेरा हम्माल शादी में गया सो आयाच नै. ये डब्बा कौन उठाना? मैं उठाऊं? मेरी कमर देखो."

अप्पांनी वाकून डब्याच्या तोंडाचा वास घेतला. "करडीचं हाय," ते म्हणाले. "आपल्याकडलंच."

फराश डब्याकडे पाहत होता, मी आबासाहेबांकडे, आणि आबासाहेब वर, घड्याळाच्या तबकडीच्याही वर, जिथे मनोरे आभाळात शिरतात तिथे. माझ्या मनात आले, आता हा माणूस परत फिरेल आणि तो ओटा घेईल. नांदूरघाटच्या देशमुखांनी पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हाताने उचललेला मी पाहिला नव्हता.

त्यांनी फेटा उतरवला, त्याची चौघडी घडी केली, खांद्यावर ठेवली आणि म्हणाले, "अप्पा, हात लावा."

अप्पांनी डबा त्यांच्या खांद्यावर चढवला. वातींचे गाठोडे माझ्याकडे आले, गाळणे अप्पांकडे. फराश पुढे. जोडे खाली काढले. अरब पहारेकऱ्याने आम्हांला पाहिले, डब्याकडे पाहिले आणि दार उघडले. परवाना त्याने मागितला नाही. त्याच्या दृष्टीने तेल हाच परवाना होता, आणि माझ्या दोन पानी अर्जापेक्षा तो कितीतरी चांगल्या अक्षरात लिहिलेला होता.

जिना गोल, अंधारा आणि इतका अरुंद की डबा भिंतीला घासे. पायऱ्या उंच, झिजलेल्या. मी आबासाहेबांच्या मागे होतो आणि मला फक्त त्यांच्या पोटऱ्या दिसत होत्या. पहिल्या मजल्यावर फराश म्हणाला, "बैठो जरा." आबासाहेब म्हणाले, "नक्को." हा हैदराबादेत त्यांनी शिकलेला एकमेव शब्द. दुसऱ्या मजल्याच्या खाली त्यांचा श्वास घुमू लागला, गोवळकोंड्यातल्या हाकेसारखा. अप्पा मागून म्हणाले, "देशमुख, मी घिऊ का?" पाय पुढच्या पायरीवर पडला.

आणि मग उजेड आला.

मी पुष्कळ वर्णने वाचली आहेत. उंचावर गेले की माणसाला जग क्षुद्र वाटते, असे त्यांत लिहिलेले असते. मला उलटे वाटले. सगळे जसेच्या तसे होते, फक्त एकदम दिसत होते. खाली पत्थरगट्टीच्या वाटेवर बग्ग्या मुंग्यांसारख्या, पलीकडे मक्का मशिदीचे अंगण स्वच्छ पाटीसारखे, नदी चांदीच्या तारेसारखी, उत्तरेला हुसेनसागर आरशासारखा पडलेला, आणि पश्चिमेला त्या उन्हात गोवळकोंडा. पारवे आमच्या खालून उडत होते. पक्ष्यांची पाठ मी जन्मात प्रथमच पाहिली.

आबासाहेबांनी डबा उतरवला. एक थेंब सांडला नव्हता. फेटा पुन्हा बांधला. वर वारा होता, म्हणून तो जरा तिरका बसला, पण इतका थोर फेटा मी त्यांच्या डोक्यावर कधी पाहिला नाही.

"नांदूरघाट कंच्या अंगाला?" त्यांनी विचारले.

मी वायव्येकडे बोट केले. ते त्या बाजूच्या कठड्याशी गेले आणि मिशीवर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ. मधून मधून ते कुणाला तरी दिसत असल्यासारखी मान डोलवत होते. अप्पांनी तेवढ्यात फराशाला अर्ध्या पणत्या भरून दिल्या.

फराश खूश होता. निघताना म्हणाला, "बीड के लोगां तेल अच्छा उठाते जी. सीढ़ी पे एक बूंद नै गिराते." मी ती अदब समजलो. हैदराबादेत कुणी चांगले बोलले तर कारण विचारायचे नसते.

दिंद्रुड

मी हैदराबादेहूनच पत्र टाकले होते, त्यामुळे परतीच्या वाटेवर दिंद्रुडच्या शिवेवर हलग्या वाजत होत्या. बहिणीकडे आलेल्या देशमुखीणबाई सवाष्णींसह उभ्या होत्या. त्यांनी आबासाहेबांच्या डोळ्यांवरून पाणी फिरवले आणि मग माझ्याकडे पाहून मान हलवली. वकिलीत मला मिळालेल्या सगळ्या मेहनतान्यांत तो मोठा होता.

रंगनाथरावांच्या अंगणात सारे गाव जमले. आबासाहेब लोडाला टेकून बसले आणि त्यांनी वरून दिसलेले हैदराबाद सांगितले. बग्ग्या, मशीद, नदी, तलाव, पाठमोरे पारवे. खोटे त्यांनी काही सांगितले नाही. वर कसे गेलात, असे एकाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सरकारी मानसानं सोता नेलं. फुडं त्यो, मागं आमी." तेही खरे होते. म्हातारे माना हलवत होते, पोरे तोंड उघडे टाकून ऐकत होती, आणि केजच्या पेठेत पुढची दहा वर्षे कोणाचे नाव चालणार हे तिथेच ठरून गेले.

रंगनाथराव सगळे ऐकत एका बाजूला उभे होते. आबासाहेब थांबले तसे ते पुढे आले. "मानलं, देशमुख," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "मी हारलो." नवा जरीचा फेटा मागवून ते स्वतःच्या हाताने साडूच्या डोक्याला बांधू लागले. हलग्यांनी पुन्हा जोर धरला. मी नारळाचे ताट घेऊन दोघांच्या अगदी जवळ उभा होतो.

फेट्याचा तिसरा वेढा कानावरून घेताना रंगनाथराव खाली वाकले.

"डबा कंच्या खांद्यावर घेतलता?" त्यांनी हळूच विचारले.

आबासाहेब गर्दीकडे पाहत राहिले. वेढा पुरा झाला. "डाव्या," ते म्हणाले.

रंगनाथरावांनी जरीचा पदर नीट खोचला.

"म्या उजव्यावर घेतलता," ते म्हणाले. "आजून दुखतोय."